सहा मैत्रिणी, दोन टेबलं आणि एक शनिवार

मैत्रिणींनी मिळून स्पा वीकेंडला जायचं ठरलं की ग्रुपवर चर्चा सुरू होते ती कुठे जायचं याची. लोणावळा की कर्जत, महाबळेश्वर की अलिबाग. फोटो येतात, कुणाचा पूल मोठा ते बघितलं जातं, खोल्या बुक होतात. स्पाचं तिथे पोचल्यावर बघू, असं म्हणून ते शेवटावर ढकललं जातं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. खोल्यांची चौकशी करायच्या आधी स्पाला फोन लावून दोनच गोष्टी विचारा: मसाजची टेबलं किती आहेत, आणि शनिवार-रविवारी प्रत्यक्ष कामावर थेरपिस्ट किती असतात.

चाळीस खोल्यांच्या रिसॉर्टमध्येही स्पाच्या खोल्या बऱ्याचदा दोन किंवा तीनच असतात. 'कपल रूम' म्हणतात त्या खोलीत दोन टेबलं असतात, म्हणून खोल्या मोजू नका, टेबलं मोजा. आणि टेबलं तीन असली तरी थेरपिस्ट दोघीच असतील तर तिसरं टेबल रिकामंच राहणार.

आता हिशेब. कार्डावर '६० मिनिटं' लिहिलेलं असलं तरी खोली ६० मिनिटांत मोकळी होत नाही. कपडे बदलून टेबलावर जाईपर्यंत ५ मिनिटं, मसाज ६०, वाफ १०, आंघोळ १०, मग चादर बदलून खोली पुसायला ५. झाली ९० मिनिटं. सहा जणी आणि दोन टेबलं म्हणजे तीन फेऱ्या, साडेचार तास. मसाज ९० मिनिटांचा घेतला तर हेच गणित सहा तासांवर जातं. वाफेची खोली वेगळी असेल आणि आंघोळीची सोयही तिथेच असेल, तर टेबल ७० ते ७५ मिनिटांत मोकळं होतं. हे फोनवरच विचारून घ्या, कारण त्यातून अख्खा पाऊण तास वाचतो.

साडेचार तास सलग मिळाले तरी ते सलग वापरता येत नाहीत, कारण मध्ये जेवण येतं. भरल्या पोटी मसाज नको, हे कुठलीही थेरपिस्ट सांगेल. अजीर्ण झालेल्याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेलाचा मसाज, टाळावा असं आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही सांगून ठेवलं आहे. पालथं झोपून पाठीवर दाब आला की पोटातलं अन्न वर येतं, मळमळतं, आणि वाफेत गेल्यावर गरगरतं. हलकं खाल्लं असेल तर दीड-दोन तास आणि पूर्ण जेवण झालं असेल तर तीन तास जाऊ द्यावेत. म्हणून सहा जणींसाठी शनिवार असा बसवावा: पहिली जोडी ९ ते १०:३०, दुसरी १०:४५ ते १२:१५, एक वाजता सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि तिसरी जोडी ४ ते ५:३०. पहिल्या जोडीने सात वाजता चहा आणि एखादं केळं घ्यावं, पोहे-उपमा मसाजनंतर. दुसऱ्या जोडीने आठ-सव्वाआठला थोडंसं खाऊन घ्यावं. तिसरीला जेवणानंतर तीन तास मिळतात, झोपही होते. संध्याकाळी सहानंतर सहाही जणी मोकळ्या, आणि खरी गप्पांची वेळ तीच.

हे जमायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच पोचायला हवं. बहुतेक ठिकाणी चेक-इन दुपारी दोनचं असतं. शनिवारी सकाळी घरून निघालात तर सकाळच्या दोन्ही फेऱ्या हातच्या जातात आणि सगळा भार संध्याकाळच्या चार ते सातवर पडतो. रिसॉर्टमधल्या बाकीच्या पाहुण्यांनाही नेमकी तीच वेळ हवी असते. एकच रात्र परवडत असेल तर शनिवारी ४ आणि ५:३० या दोन फेऱ्या घ्या आणि तिसरी रविवारी सकाळी ८:३० ते १०. चेक-आउट बहुतेक दहा किंवा अकराचं असतं. दहाचं असेल तर तिसऱ्या जोडीची धावपळ होते, म्हणून एक खोली तरी बारापर्यंत ठेवायची परवानगी आधीच मागा. आणि स्पा किती वाजता उघडतो तेही विचारा. काही स्पा दहाच्या आत दार उघडत नाहीत, मग वरचं सगळं वेळापत्रक तासाभराने सरकतं.

फोनवर बोलणं झालं की तेच लेखी पाठवा, म्हणजे काउंटरवर माणूस बदलला तरी गोंधळ होत नाही. मेल किंवा व्हॉट्सॲप, इतकं पुरतं:

"नमस्कार. आम्ही सहा जणी शुक्रवारी रात्री येऊन रविवारी निघणार आहोत. शनिवारी ९, १०:४५ आणि ४ वाजता प्रत्येकी दोघींसाठी ६० मिनिटांचा अभ्यंग ठेवावा. सर्व थेरपिस्ट महिला हव्यात. एकीला तिळाची ॲलर्जी आहे, तिच्यासाठी खोबरेल तेल आणि स्वच्छ धुतलेली वेगळी वाटी ठेवावी. वाफ आणि आंघोळ धरून दर किती, कर वेगळा की धरून, आणि वेळ बदलल्यास किती तास आधी कळवायचं, हे कृपया लिहून पाठवा."

दहा-पंधरा दिवस आधी हे गेलं पाहिजे. डिसेंबरचा शेवट, २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी अशा वेळी महिनाभर आधी.

तारीख ठरवताना ग्रुपवर "कधी जमेल?" असं मोकळं विचारू नका. सहा जणींच्या सहा तारखा येतात आणि विषय बारगळतो. पोल टाका आणि त्यात दोनच पर्याय ठेवा. "मुलींनो, १० किंवा १७ जानेवारीचा वीकेंड. गुरुवार रात्रीपर्यंत मत द्या, शुक्रवारी मी स्पाला फोन करणार" एवढं पुरे. फोन करणारी एकच असावी आणि पैसे गोळा करणारीही एकच. त्या दोन वेगळ्या असल्या तर जास्त चांगलं.

पैशांत वितुष्ट येतं ते दोन कारणांनी. एक, कुणीतरी ऐनवेळी गळते. दुसरं, सगळा खर्च सरसकट सहाने भागला जातो. माझ्या मते खोली, प्रवास आणि जेवण समान वाटावं आणि मसाजचे पैसे जिचे तिने द्यावेत. कुणी ९० मिनिटांचा घेते, कुणी शिरोधारा जोडते, कुणी फक्त पायांचा घेते. हे समान वाटलं तर कमी घेणारीच्या मनात सल राहतो आणि ती बोलतही नाही. गळतीचा नियम पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाका: खोलीचा वाटा परत मिळणार नाही, कारण खोली तेवढीच लागते, मसाजचे पैसे स्पाच्या नियमाप्रमाणे. नियम आधी लिहिलेला असला की नंतर कुणाला कठोर व्हावं लागत नाही.

करांचं थोडं समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून, जिम, स्पा यांसारख्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुनं दरपत्रक छापलेलं असेल आणि त्यावर १८ टक्के दिसत असतील तर विचारा. खोल्यांचं गणित वेगळं आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकासाठी हजाराहून जास्त मोजावे लागतात. म्हणून दर सीमेच्या जवळ असेल तर थोडी घासाघीस करून तो खाली आणा, रिसॉर्टलाही ते समजतं. 'स्पा पॅकेज' घेतलं तर बिलात खोली आणि स्पा वेगवेगळ्या ओळींत मागा. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. हॉटेलांनी तो सक्तीने लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. तो काढायला सांगा आणि तेवढे पैसे थेट थेरपिस्टच्या हातात द्या.

कुणाला काय नको

हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि तो टाळू नये. प्रत्येकीने काही गोष्टी एकीलाच, खाजगीत कळवाव्यात; ग्रुपवर नाही. कोण गरोदर आहे, कुणाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हे पाच जणींसमोर लिहायला भाग पाडणं बरोबर नाही. यादी अशी: रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, गेल्या काही महिन्यांतली शस्त्रक्रिया, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, ठसठशीत फुगलेल्या शिरा, त्वचेचा संसर्ग, गरोदरपण, तीळ-बदाम-अक्रोड यांची ॲलर्जी.

रक्ताची गुठळी झालेली असेल तर पायांचा मसाज नाहीच. दाबाने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. फुगलेल्या शिरांवर जोराचा दाब नको. गरोदरपणात वाफ, सॉना आणि गरम जाकुझी तिन्ही टाळावं आणि मसाज डॉक्टरांना विचारूनच, तोही कुशीवर झोपून. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारीने वाफेतून एकदम उठू नये. गरमीने रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, गोळीनेही दाब उतरलेला असतो, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी बसावं, एक मिनिट थांबावं, मग भिंतीला धरून उभं राहावं. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी दुसरीने हात घालून पाणी बघावं, कारण जिला चटका कळत नाही तिचाच पाय भाजतो. ताप, सर्दी-खोकला असेल तर सरळ रद्द करा. पाळीत मसाज चालतो का हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो: चालतो, तिला स्वतःला बरं वाटत असेल तर. पोटावरचा भाग सोडायला सांगायचा आणि चादरीची काळजी आपण घ्यायची.

वाफ दहा मिनिटं, फार तर बारा. सॉना कोरडा असतो, ७० ते ९० अंशांचा. तिथेही दहा ते पंधरा मिनिटं पुरे. जाकुझीचं पाणी ४० अंशांच्या वर नसावं. आदल्या रात्री वाइन झाली असेल तर सकाळची वाफ सोडून द्या, आणि वाइन घेऊन जाकुझीत तर कधीच उतरू नका. शरीरातलं पाणी दोन्हीकडून जातं.

आणखी एक. वॅक्सिंग निदान २४ तास आधी उरकलेलं असावं, शक्यतो दोन दिवस. त्याच दिवशी केलं आणि वर मिठाचा स्क्रब घेतला तर अंगाची आग आग होते. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, पालथं झोपल्यावर डोळे दाबले जातात. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, चमकी, अंगठ्या खोलीतच काढून ठेवा. प्रत्येकीकडे झाकणाची छोटी डबी असावी आणि डबी तिजोरीत. स्पाच्या कपाटात दागिने ठेवू नका.

काय घ्यावं

मेनू कार्ड लांबलचक असतं. पहिल्यांदा जाणारीने अभ्यंग किंवा स्वीडिश (हलक्या-मध्यम दाबाचा तेलमसाज) घ्यावा. नावाला भुलून डीप टिश्यू घेतला की पुढचे दोन दिवस अंग ठणकतं, कारण तो ताठरलेल्या स्नायूंच्या खोलवर दाब देण्यासाठी असतो, आरामासाठी नसतो. थाई मसाजला तेल नसतं, सैल कपडे घालून गादीवर ताणतात. कपडे काढायचा संकोच असेल तर तो उत्तम. डोकं-खांदे किंवा पायांचा मसाजही कपड्यांत होतो. संकोचाबद्दल मोकळेपणाने सांगते: टेबलावर किती कपडे ठेवायचे हे तुम्ही ठरवता, थेरपिस्ट नाही. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा आणि बाकी टॉवेलखाली, ही नीट काम करणाऱ्या थेरपिस्टची पद्धतच असते. दाब हलका, मध्यम की जास्त हे पहिल्या दोन मिनिटांत सांगा. "जरा हळू" म्हणायला शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत थांबू नका. त्यात तिचाही अपमान नाही.

शिरोधारा छान, पण तिची जागा दिवसाच्या शेवटी. अर्धा-पाऊण तास कपाळावर तेलाची धार धरतात, ते तेल सगळं केसांत उतरतं आणि दोन वेळा धुतल्याशिवाय निघत नाही. हे सकाळी नऊला करून दुपारी फोटो काढायचे म्हटलं तर चिकट केसांनी काढावे लागतील. चारच्या फेरीतल्या जोडीला द्या. रात्री केस सुती पंचात गुंडाळून झोपायचं आणि सकाळी धुवायचे.

'दोन दिवसांत पंचकर्म' असं कुणी विकत असेल तर घेऊ नका. वमन-विरेचनाच्या, म्हणजे औषधाने उलटी किंवा जुलाब करवण्याच्या, आधी स्नेहपानच (औषधी तूप-तेल पिणं) तीन ते सात दिवस चालतं, नंतर आहार पायरीपायरीने पूर्ववत करायला आणखी काही दिवस लागतात, आणि हे सगळं वैद्यांच्या देखरेखीत. दोन दिवसांत मिळतो तो अभ्यंग आणि वाफ. तो तसाच घ्या, चांगलाच असतो.

बंगला घेतला तर

सहा-आठ जणींसाठी बंगला भाड्याने घेऊन थेरपिस्टना तिथेच बोलावणं हा पर्याय मला रिसॉर्टपेक्षा जास्त आवडतो. एकांत मिळतो, वेळा आपल्या हातात राहतात, स्वयंपाकघर असतं. पण त्यात अडचणी कुठे येतात ते आधी माहीत हवं.

पहिली अडचण गरम पाण्याची. बंगल्यातला गीझर बहुतेक १५ लिटरचा असतो. त्यात ६० अंशांचं पाणी झालं आणि नळाचं २० अंशांचं असलं, तर निम्मं-निम्मं मिसळून आंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी ३० लिटर मिळतं, म्हणजे दीड बादली. तेल माखलेल्या अंगाला, केसांसकट, दोन बादल्या तरी लागतात. दोन किलोवॉटच्या गीझरला पुन्हा १५ लिटर तापवायला वीस मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून एका बाथरूममध्ये दोघींच्या आंघोळीत अर्धा तास अंतर ठेवा, किंवा चुलीवर, मोठ्या पातेल्यात जादा पाणी तापवून द्यायला केअरटेकरांना आधीच सांगा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर गीझर चालत नाही. जनरेटर आहे का, आणि गीझर त्यावर जोडलाय का, असे दोन वेगळे प्रश्न विचारा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हे विचारलंच पाहिजे. गॅस गीझर असेल आणि तो बाथरूमच्या आत असेल तर खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कुणीही आंघोळीला जाऊ नये. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. खिडकीच नसेल तर ते बाथरूम वापरू नका.

दुसरी, जागेची. थेरपिस्ट घडीचं टेबल आणतात, ते साधारण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. तिला चारी बाजूंनी फिरायला अडीच फूट मोकळे हवेत, म्हणजे अकरा बाय आठची खोली रिकामी करून द्यायची. गादीवर, जमिनीवर करा म्हणू नका. वाकून वाकून तिची पाठ दुखते आणि दाब सारखा पडत नाही. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून खोली बोचरी थंड नको. एका थेरपिस्टने दिवसात तासाचे चार, फार तर पाच मसाज करावेत. सहा जणींसाठी एकीलाच बोलावलं तर शेवटच्या दोघींना उरलेल्या ताकदीचा मसाज मिळतो, आणि तिच्या अंगठ्यांचे हाल होतात ते वेगळेच. दोघींना बोलवा, दोन फेऱ्यांमध्ये पंधरा मिनिटं द्या, आणि आपल्याबरोबर त्यांचंही पान वाढा.

तिसरी अडचण तेलाची. आपण आपलं न्यायचं असेल तर घाण्याचं तिळाचं तेल अंगाला माणशी ८० ते १०० मिलिलिटर, केसांना २० ते २५. सहा जणींना पाऊण लिटर लागतं, एक लिटर न्या. तेल थेट गॅसवर तापवू नका, क्षणात जास्त तापतं आणि वरून कळत नाही. पातेल्यात कढत पाणी, त्यात स्टीलची वाटी, वाटीत तेल. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघायचा: कोमट आणि सुखाचं वाटलं पाहिजे, "हं, गरम आहे" असं वाटायला नको. एका फेरीला लागेल तेवढंच तेल वाटीत घ्या, उरलेलं परत बाटलीत ओतू नका.

मसाज संपला की तळपाय कोरड्या पंचाने पुसल्याशिवाय टेबलावरून पाय खाली टेकवायचा नाही. फरशी गुळगुळीत आणि तळव्याला तेल, यात घसरून पडायला एक पाऊल पुरतं. टेबलापासून बाथरूमपर्यंत जुन्या चादरीची घडी पसरून ठेवा, बाथरूममध्ये रबरी मॅट.

तेल काढायला साबणापेक्षा उटणं चांगलं. सहा जणींना ३०० ग्रॅम: मसुराचं पीठ १५०, मुगाचं पीठ १००, उरलेल्या ५० ग्रॅममध्ये आंबेहळद, कपूरकचरी, नागरमोथा, वाळा आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्यांची पूड. ते आधी पाण्यात कालवून लावू नका. कोरडंच अंगावर चोळा, वर्तमानपत्रावर उभं राहून. तेल पिठात शोषलं जातं, त्याच्या वळकट्या खाली पडतात, त्या कागदासकट कचऱ्यात. मग बादलीतल्या पाण्याने आंघोळ. असं न करता सगळं पीठ पाण्याबरोबर मोरीत सोडलं तर तेल आणि पीठ मिळून जाळीत लगदा बसतो, आणि तिसऱ्या आंघोळीला पाणी घोट्यापर्यंत तुंबतं. आंबेहळदीचे डाग पांढऱ्या टॉवेलवरून जात नाहीत. घरून माणशी दोन जुने पंचे आणि टेबलावर टाकायला चार-पाच जुन्या सुती चादरी न्या. मालकांच्या चादरींना तेल लागलं की अनामत रकमेतून पैसे कापले जातात, आणि ते रास्तच आहे. तेलकट कपडे घरी वेगळे, गरम पाण्यात, सोडा घालून धुवायचे. ओले-तेलकट गोळा करून पिशवीत दोन दिवस राहिले की खवट वास येतो तो निघत नाही.

जेवण साधं ठेवा. दुपारी मुगाची खिचडी, कढी, काकडीची कोशिंबीर, भाजलेला पापड. रात्री थालीपीठ-लोणी किंवा ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा हवा असेल तर बाजूला. मसाजनंतर लगेच बर्फाचं काही नको, कोमट पाणी किंवा जिऱ्याचं पाणी प्या. दिवसभरात पाणी पीत राहायला एकीने आठवण करायची. वाफेनंतर दुखणारं डोकं बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याने दुखतं.

जाणं-येणं

निम्म्या मुंबईच्या आणि निम्म्या पुण्याच्या असतील तर लोणावळ्यावर एकमत लवकर होतं. पुण्याहून साधारण ६५ किलोमीटर, मुंबईहून ८०-८५. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईकरणींनी डेक्कन क्वीन घ्यावी, पुणेकरणींनी लोकल. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर घाटात गाड्या अडकल्या की दोन तासांचे चार होतात आणि नऊची फेरी गेलीच समजा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी काढून टाका. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार लोणावळ्यात टाळलेले बरे. धबधब्यांसाठी गर्दी लोटते, रस्ते भरून जातात, आणि दमट हवेत टॉवेल वाळत नाहीत. पावसातच जायचं असेल तर मंगळवार-बुधवार बघा. एप्रिल-मेमध्ये कर्जतच्या उकाड्यात वाफ घेण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

लोहगडावर जाऊन येऊ, भाजे लेणी बघू, असे बेत त्याच वीकेंडला जोडू नका. अगदीच मन होत असेल तर चढाई सकाळी आणि मसाज दुपारी चारला, दाब हलका. उलट क्रम नको: मसाजनंतर सैल झालेल्या अंगाने आणि तेल लावलेल्या कातडीने उन्हात चढायचं नाही.

रविवारी केस धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय गाडीत बसू नका. एसीच्या झोतात ओले केस म्हणजे मान आणि डोकं दोन्ही धरतं. थेरपिस्टना द्यायचे पैसे रोख आणि वेगवेगळ्या पाकिटांत, शनिवारीच त्यांच्या हातात द्या, कारण रविवारी त्यांची सुट्टी असू शकते. निघण्याआधी बिल सगळ्यांनी मिळून वाचा: मसाज किती, कर किती, खोल्या किती रात्रींच्या. हिशेब तिथेच टेबलावर मिटवा, यूपीआयने पाच मिनिटांत होतो. घरी गेल्यावर करू म्हटलं की महिनाभर रेंगाळतो. बंगला असेल तर केअरटेकरांसोबत खोल्या फिरून अनामत परत घ्या, गीझर बंद केलेत का बघा, मोरीची जाळी साफ करा. आणि तिजोरी उघडून डब्या मोजा. सहा.